केमोच्या आधी जीन टेस्ट करा, पण गरज असेल त्याचीच, आणि पैसे सरकारने भरावेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कॅन्सरच्या जीन टेस्टवर लेख आला होता आणि नंतर त्यावर दोन पत्रं छापून आली. एकाचं म्हणणं की हे सगळं श्रीमंतांचं फॅड आहे, दुसऱ्याचं म्हणणं की आता केमो संपली, जीन बघायचा, गोळी द्यायची की काम झालं. दोन्ही वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिस्टोच्या सेक्शनला टेक्निशियन आहे, म्हणजे बायोप्सीचा तुकडा आला की तो मेणात बसवून त्याचा ब्लॉक करायचा, पातळ काप घ्यायचे, स्लाइड रंगवून डॉक्टरांच्या टेबलवर ठेवायची, हे माझं रोजचं काम. मी डॉक्टर नाही. पण हा तुकडा कुठून येतो, कसा येतो आणि पुढे त्याचं काय होतं हे मी बरीच वर्षं बघतोय, आणि घरात आत्याच्या आजारपणात दुसऱ्या बाजूनेही बघितलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या कॅन्सरमध्ये ट्यूमरच्या जीनमधला बदल कळला की औषधच बदलतं, तिथे ती टेस्ट औषध सुरू करायच्या आधी झालीच पाहिजे आणि तिचा खर्च पेशंटवर पडता कामा नये. आणि ज्या कॅन्सरमध्ये रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच राहणार आहे, तिथे पेशंटला शेकडो जीनचं पॅनेल, म्हणजे एवढे जीन एकदम बघणारी मोठी टेस्ट, विकू नये. आज बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं होतंय, ज्याला गरज आहे त्याची टेस्ट होत नाही आणि ज्याला गरज नाही तो बायकोचे दागिने मोडून करतो.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण लॅबच्या खिडकीवर नातेवाईक रोज हेच विचारतात, जीनची टेस्ट म्हणजे आमच्या घराण्यात दोष आहे का, पोरीच्या लग्नात अडचण येईल का. नाही. ट्यूमरमध्ये जे म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, बघतात ते बहुतेक वेळा फक्त त्या गाठीतल्या पेशींत असतं, ते पेशंटच्या आयुष्यात कधीतरी झालेलं असतं, आईबापाकडून आलेलं नसतं आणि पोरांकडे जात नाही. जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असणारा बदल ही वेगळी गोष्ट, ती काही थोड्या पेशंटमध्ये असते, त्यावर पुढे बोलतो.

हे शास्त्र कालपरवाचं नाही. ब्लड कॅन्सरचा एक प्रकार आहे, सीएमएल. 1960 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला नोवेल आणि हंगरफोर्ड या दोघांना या पेशंटच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा लहान दिसलं. 1973 ला जॅनेट राउली यांनी दाखवलं की 9 नंबर आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसात बदललेत म्हणून ते तसं दिसतं. त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचा एक नवाच जीन तयार होतो आणि तो पेशीला सतत वाढायला सांगत राहतो. त्याला थांबवणारी गोळी, इमॅटिनिब, 2001 ला मंजूर झाली. त्याआधी सीएमएल म्हणजे काही वर्षांचा सोबती असं समजायचे, आता कितीतरी पेशंट रोज गोळी खाऊन नोकरी करतात, शेती करतात, नातवंडं सांभाळतात आणि ठरावीक काळाने रक्त देऊन बीसीआर-एबीएल किती उरलंय ते बघतात. मला वाटतं म्युटेशन बघून इलाज म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायचं असेल तर यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

आणि या गोळीत आपल्या मुंबईचाही हात आहे, हे लेखात यायला हवं होतं. नोव्हार्टिस कंपनीने भारतात तिच्या एका रूपासाठी पेटंट मागितलं तेव्हा मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्याला हरकत घेतली, 2006 ला चेन्नईच्या पेटंट ऑफिसने अर्ज फेटाळला, कंपनी वर गेली आणि शेवटी 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टात न्या. आफताब आलम आणि आपल्या मुंबई हायकोर्टातून गेलेल्या न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने तो अर्ज कायमचा निकालात काढला. तेव्हा कंपनीच्या ब्रँडचा खर्च महिन्याला लाखाच्या वर होता आणि भारतीय कंपन्यांची तीच गोळी दहा हजारांच्या आत मिळत होती. म्हणून जे गृहस्थ म्हणतात की हे श्रीमंतांचं फॅड आहे त्यांना सांगावंसं वाटतं की महाग काय राहतं आणि स्वस्त काय होतं हे कुणीतरी भांडल्यावर ठरतं, आपोआप ठरत नाही.

आता फुप्फुसाचा कॅन्सर. यावर मी जास्त लिहिणार, कारण टेस्टशिवाय गोळी देणं किती घातक आहे हे इथे आकड्यांत दिसतं. फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारात ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये म्युटेशन सापडतं, हे 2004 ला कळलं. सिगारेट न ओढणाऱ्यांत आणि बायकांत ते जास्त सापडतं, आणि आपल्या भारतीय पेशंटमध्ये या प्रकारात साधारण चारातल्या एकाला असतं, म्हणजे गोऱ्या लोकांपेक्षा बरंच जास्त. त्यावर जेफिटिनिबची गोळी आहे. 2009 ला पूर्व आशियातल्या 1217 पेशंटवरचा एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात अर्ध्यांना ही गोळी दिली आणि अर्ध्यांना केमो. ज्यांच्यात म्युटेशन होतं त्यांच्यात गोळीने शंभरातल्या एकाहत्तर जणांच्या गाठी आकसल्या, केमोने सत्तेचाळीस जणांच्या. आणि ज्यांच्यात म्युटेशन नव्हतं त्यांच्यात? गोळीने शंभरात जेमतेम एकाला फायदा झाला आणि केमोने तेवीस जणांना. म्युटेशन नसलेल्यांचा आजार गोळीवर दीडच महिन्यात वाढायला लागला, केमोवर साडेपाच महिने थांबला होता. गोळी एकच, आजाराचं नाव एकच, सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडही सारखीच दिसते, मी अशा स्लाइड रंगवल्यात, डोळ्यांनी फरक कळतच नाही. टेस्ट न करता अंदाजाने गोळी दिली तर ज्याला केमोचा उपयोग झाला असता त्याचे ते महिने हातातून गेले, आणि टेस्ट न करता केमो दिली तर ज्याला साध्या गोळीवर बरं वाटलं असतं त्याला उगाच सलाईन, उलट्या आणि केस गळणं. आमच्या तासगाव भागात द्राक्षवाले पानदेठ परीक्षण केल्याशिवाय खताचा डोस ठरवत नाहीत, मग माणसाच्या बाबतीत आपण अंदाजावर कसे चालतो.

माझ्या आत्याने जन्मात कधी तंबाखूला हात लावला नाही, चुलीपुढे मात्र सगळं आयुष्य गेलं. खोकला धरला, वजन उतरलं, छातीच्या फोटोत डाग दिसला आणि थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. हे आपल्या देशात फार होतं, टीबी इतका आहे की डाग दिसला की डॉक्टरांच्या मनात पहिला तोच येतो, आणि मी त्यांना सरसकट दोष देत नाही, पण कोर्स चालू असून माणूस उतरतच चाललाय तर तेव्हा तरी बायोप्सी करायला हवी होती की नाही. ती झाली तेव्हा छातीत पाणी झालं होतं. मग ज्या हॉस्पिटलात नेलं तिथे कॅन्सर आहे म्हटल्यावर लगेच केमोची तारीख दिली. जीन टेस्टचं नाव मी काढलं, त्यांनी नाही. खर्च आम्ही चुलतभावंडांनी वर्गणी काढून केला. रिपोर्ट आला, ईजीएफआरमध्ये एक्सॉन 19 ला डिलीशन, म्हणजे गोळीला चांगलं दाद देणारं म्युटेशन. जेफिटिनिब सुरू केलं, तोंडावर पुरळ आलं, पोट बिघडायचं, पण खोकला थांबला आणि ती परत घरात पोळ्या लाटायला लागली, जत्रेला गेली, नातीच्या बारशाला गेली. आजार नंतर फिरून आला आणि आत्या गेली, पण तो मधला काळ तिला आणि आम्हाला मिळाला. ज्या घरात लॅबमध्ये काम करणारा भाचा नाही त्या घरातल्या बाईला तो काळ कोण मिळवून देणार, हा माझा प्रश्न आहे आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

आता माझ्या कामाची गोष्ट, जी कुठल्याच लेखात येत नाही. जीन टेस्ट त्या मेणाच्या ब्लॉकवर होते, आणि ब्लॉकमधला डीएनए टिकला तरच होते. बायोप्सी काढल्या काढल्या तुकडा दहा टक्क्यांच्या बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, पडला पाहिजे, त्यात निदान सहा तास आणि जास्तीत जास्त तीन दिवस राहिला पाहिजे. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावाहून आमच्याकडे काय येतं? कधी सलाईनमध्ये बुडवलेला तुकडा, कधी पाणी न घालता तसंच कडक फॉर्मॅलिन, कधी शनिवारी काढलेला आणि पुढच्या गुरुवारी पोचलेला, तोही औषधाच्या रिकाम्या बाटलीत कोंबलेला. अशा तुकड्यावर कॅन्सर आहे की नाही एवढं कसंबसं सांगता येतं, पण डीएनए तुटलेला असतो आणि जीनच्या रिपोर्टवर येतं 'नमुना अपुरा'. हाडाची बायोप्सी असेल तर ती मऊ करायला ॲसिडमध्ये ठेवतात, त्यात डीएनएची वाट लागते, त्यासाठी ईडीटीए नावाचं रसायन वापरायला हवं, त्याला वेळ जास्त लागतो म्हणून फारसं कुणी वापरत नाही. शिवाय सुईने काढलेला तुकडा मुळात शेवईएवढा, त्यावर वेगवेगळ्या स्टेनिंगसाठी, म्हणजे ठरावीक रंग चढवून बघायला, काप घेत गेलं की जीन टेस्टच्या वेळेपर्यंत ब्लॉकमध्ये काही उरतच नाही, मग पेशंटला परत सुई, परत भीती, परत खर्च. यावर उपाय महाग नाही हो, योग्य फॉर्मॅलिनच्या भरलेल्या बाटल्या प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात ठेवा, बाटलीवर वेळ लिहा, आणि फुप्फुसाचा तुकडा आहे म्हटल्यावर सुरुवातीलाच जीन टेस्टसाठी काही काप बाजूला काढून ठेवा. एवढ्यानेच कितीतरी टेस्ट वाया जायच्या थांबतील.

तुकडा मिळतच नसेल तर रक्तातूनही टेस्ट करतात, गाठीतून सुटलेला डीएनए रक्तात थोडाफार फिरत असतो. चांगली सोय आहे, विशेषतः गोळी चालेनाशी झाली की का चालेना हे बघायला, कारण ईजीएफआरच्या जुन्या गोळ्यांवरच्या निम्म्या पेशंटमध्ये टी790एम नावाचं दुसरं म्युटेशन तयार होतं आणि त्यावर ऑसिमर्टिनिब चालतं. आता तर ते बऱ्याच देशांत पहिल्यापासूनच देतात. पण रक्तात सापडलं नाही याचा अर्थ गाठीत नाही असा होत नाही, हे नातेवाईकांना कुणी सांगत नाही आणि ते निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन निराश होतात. ऑसिमर्टिनिबवरची कस्टम ड्यूटी जुलै 2024 च्या बजेटमध्ये माफ झाली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीएसटी 12 वरून 5 टक्के केला, हे चांगलंच झालं, पण मूळ किंमतच एवढी आहे की शेतमजुराच्या घराला त्याने काही फरक पडत नाही.

म्हणून मला परळच्या टाटा हॉस्पिटलच्या एका कामाचं फार कौतुक वाटतं. ईजीएफआर म्युटेशन असलेल्या 350 पेशंटवर त्यांनी करून बघितलं, काहींना नुसतं जेफिटिनिब आणि काहींना जेफिटिनिबबरोबर केमो. नुसत्या गोळीवर आजार साधारण 8 महिने थांबला, दोन्हींवर 16 महिने. त्रासही जास्त झाला, गंभीर त्रास जवळजवळ दुप्पट पेशंटना झाला, तेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय. हे 2020 ला जगातल्या मोठ्या जर्नलमध्ये छापून आलं. यातली सगळी औषधं भारतात जेनेरिक मिळतात. म्हणजे परदेशातली सगळ्यात महाग गोळी परवडत नसेल तरी आपल्या पेशंटला चांगला मार्ग आहे. पण या मार्गाची पहिली पायरी तीच, म्युटेशन आहे की नाही ते माहीत असणं. आणि 'केमो संपली' म्हणणाऱ्या गृहस्थांनी हेही बघावं की इथे गोळीला केमोची जोड दिल्यावरच फायदा वाढलाय.

आता दुसरी बाजू, जिचा मला जास्त राग येतो. हल्ली कुठलाही कॅन्सर असो, पेशंटच्या हातात चारशे-पाचशे जीनच्या पॅनेलचं पत्रक पडतं, किंमत पुष्कळदा लाखाच्या घरात, आणि सांगितलं जातं की तुमच्या ट्यूमरची कुंडली काढू आणि नेमकं औषध सांगू. मग तीस-चाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट येतो, त्यात दहा-बारा म्युटेशन, त्यातल्या निम्म्यांपुढे 'अर्थ अनिश्चित', आणि शेवटी भारतात मिळत नसलेल्या औषधांची आणि अमेरिकेतल्या ट्रायलची यादी. नातेवाईक तो रिपोर्ट घेऊन आमच्याकडे येतात, दादा यात औषध कुठलं लिहिलंय ते तेवढं सांगा. काय सांगणार.

म्युटेशन सापडलं म्हणजे औषध लागू पडेल असं नसतं. बीआरएएफ नावाच्या जीनमधलं एक म्युटेशन त्वचेच्या मेलानोमात असतं, त्यावर वेमुराफेनिबची गोळी 2011 ला आली आणि निम्म्या पेशंटच्या गाठी वितळल्यासारख्या कमी झाल्या. तेच म्युटेशन, अक्षर न अक्षर तेच, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही असतं, तिथे तीच गोळी एकटी दिली तर जवळपास काहीच होत नाही, कारण आतड्याच्या पेशीत ईजीएफआरचा दुसरा रस्ता लगेच उघडतो आणि पेशी वाढतच राहते. दोन्ही रस्ते एकदम बंद करणारी औषधं द्यावी लागतात, ते ट्रायलमध्ये सिद्ध व्हायला पुढे कितीतरी वर्षं गेली. फ्रान्समध्ये शिवा नावाची ट्रायल झाली, 2015 ला छापली. ज्यांचे नेहमीचे इलाज संपले होते अशा वेगवेगळ्या कॅन्सरच्या 195 पेशंटपैकी निम्म्यांना म्युटेशन बघून त्याला जुळणारं पण त्या कॅन्सरसाठी मंजूर नसलेलं औषध दिलं आणि निम्म्यांना डॉक्टरांच्या नेहमीच्या अनुभवाने. आजार थांबण्याचा काळ एकीकडे 2.3 महिने, दुसरीकडे 2.0. फरक नाहीच म्हणा ना. ही ट्रायल काही शेवटचा शब्द नाही, औषधं तेव्हापासून बरीच सुधारली, पण शेवटच्या स्टेजच्या पेशंटला कर्ज काढून पॅनेल करायला लावणाऱ्याने निदान हा आकडा त्याच्यापुढे ठेवला पाहिजे.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न तोंडाचा कॅन्सर. गुटखा 2012 पासून राज्यात बंद आहे आणि टपरीवर मिळतो, मिश्री तर घराघरात. गालाच्या आणि हिरडीच्या कॅन्सरमधली म्युटेशन आपल्याच लोकांनी शोधलीत, बंगालमधल्या कल्याणीच्या संस्थेने आणि आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्या संशोधन केंद्राने मिळून केलेलं ते काम 2013 ला प्रसिद्ध झालं, मोलाचं काम आहे. पण त्यात जे जीन वारंवार बिघडलेले सापडले, त्यातले बहुतेक, टीपी53 किंवा एफएटी1 सारखे, पेशीला आवर घालणारे जीन आहेत, ते बंद पडल्यामुळे कॅन्सर होतो. जास्त काम करणाऱ्या प्रथिनाला औषधाने अडवता येतं, जे प्रथिन तयारच होत नाही किंवा बिघडलेलं तयार होतं त्याला गोळीने परत कामाला कसं लावणार, त्यावर अजून उत्तर नाही. म्हणून तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला आज मोठं पॅनेल करून बहुतेक वेळा हातात काही येत नाही. त्याला लवकर निदान, चांगलं ऑपरेशन, वेळेत रेडिएशन पाहिजे. त्याच पैशात त्याचं मुंबईत राहणं-खाणं होईल.

मोठं पॅनेल कधीच करू नये असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. फुप्फुसात ईजीएफआर, एएलके, आरओएस1 असे बरेच जीन एकदम बघायचे असतील आणि तुकडा लहान असेल तर पॅनेलच बरं पडतं. एनटीआरके जीन दुसऱ्या जीनला जोडला गेल्याचा दुर्मिळ बदल सापडला तर कॅन्सर कुठल्या अवयवाचा आहे हे न बघता औषध देता येतं, असं औषध 2018 ला मंजूर झालंय. पण कितीतरी गोष्टी स्वस्तात कळतात. एएलके साध्या स्टेनिंगने कळतं, स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू नावाचं प्रथिन स्टेनिंगने कळतं आणि शंका आली तरच पुढची, पेशीत त्या जीनच्या प्रती मोजणारी फिश टेस्ट लागते, आतड्याच्या कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती वापरणारा इलाज, चालणार का याचा अंदाज चार अँटिबॉडींच्या स्टेनिंगने येतो. पोटातल्या जिस्ट नावाच्या गाठीत एका किट जीनचं म्युटेशन कुठल्या जागी आहे त्यावर इमॅटिनिबचा डोस 400 की 800 मिलिग्रॅम ते ठरतं. ज्या लॅबमध्ये मी काम करतो तशा लॅबमध्ये यातलं बरंच होऊ शकतं.

आणि नुसतं औषधच नाही, निदानसुद्धा यावर ठरतं. मेंदूच्या ग्लायोमा गाठींची नावंच आता आयडीएच जीनमध्ये म्युटेशन आहे की नाही आणि गुणसूत्रांचे 1पी, 19क्यू हे तुकडे गेलेत की नाही यावरून देतात. ब्लड कॅन्सरमध्ये एपीएल नावाचा प्रकार आहे, त्यात पेशंट रक्तस्रावाने काही दिवसांत जाऊ शकतो, पण पीएमएल-आरएआरए नावाचा जोडून तयार झालेला जीन सापडला आणि वेळेत व्हिटॅमिन ए पासून केलेलं एटीआरए आणि आर्सेनिक दिलं तर शंभरातले नव्वदहून जास्त बरे होऊ शकतात, कित्येकांना तर केमोसुद्धा लागत नाही. तिथे डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता नुसत्या संशयावर एटीआरए सुरू करतात आणि तेच बरोबर आहे. हे इंजेक्शन-गोळ्या जिल्ह्याच्या ठिकाणी शेल्फवर असणं म्हणजे जीव वाचणं.

घराण्यातून येणाऱ्या बदलांबद्दल बोलतो म्हटलं होतं. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए1 आणि बीआरसीए2 हे जीन बघतात. तिथे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर औषध तर बदलू शकतंच, बऱ्याच जणींना ओलापॅरिबसारख्या गोळ्या चालतात, पण बहिणी, मुली, आणि हो, भाऊसुद्धा, यांनाही टेस्टचा विचार करावा लागतो. अशा वेळी समोर बसून शांतपणे समजावणारं माणूस पाहिजे, काउन्सेलर पाहिजे. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून पाठवला की काम संपलं असं चालणार नाही. मी एका बाईला लॅबच्या जिन्यात बसून रडताना बघितलंय, तिला वाटत होतं तिने मुलीला कॅन्सर दिला. तिला कुणी हेसुद्धा सांगितलं नव्हतं की मुलीकडे तो बदल जाण्याची शक्यता निम्मी आहे, गेला तरी कॅन्सर होईलच असं नाही, आणि आधी कळलं तर लक्ष ठेवता येतं.

तर आरोग्य खात्याकडे माझी मागणी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला आता पाच लाखांपर्यंत कव्हर आहे. त्यात फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमासाठी ईजीएफआर, एएलके आणि आरओएस1, सीएमएलसाठी बीसीआर-एबीएल तेही वेळोवेळी, आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी आरएएस आणि बीआरएएफ हे जीन, स्तनासाठी हर-टूची फिश, एवढ्या टेस्ट नाव घेऊन, दर ठरवून, प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात मिळतील असं लेखी जाहीर करा. पॅथॉलॉजिस्टने ॲडेनोकार्सिनोमा लिहिलं की टेस्टची वेगळी चिठ्ठी न लागता ब्लॉक आपोआप पुढे गेला पाहिजे, आणि ब्लॉक नेण्यासाठी पेशंटच्या पोराला रजा टाकून एसटीने मुंबईला जायला लागू नये, सरकारी कुरिअरने जाऊ दे. सगळीकडे मशीन बसवायची गरज नाही, विभागात एक चांगली लॅब पुरे. टाटाच्या पुढाकाराने 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड चालू आहे, देशभरातली हॉस्पिटलं त्यात आहेत, अवघड रिपोर्टवर त्यांच्या डॉक्टरांचं मत ऑनलाइन घेता येईल. बार्शीला 1987 पासून गावोगाव फिरून कॅन्सरची नोंद ठेवतात, देशातली ती ग्रामीण भागातली पहिली नोंदणी, तशा नोंदींत म्युटेशनही लिहिलं गेलं तर आपल्या लोकांत काय जास्त आहे ते आपल्याला कळेल, अमेरिकेच्या आकड्यांवर चालावं लागणार नाही. आणि खाजगी पॅनेल विकणाऱ्यांनी रिपोर्टच्या पहिल्या पानावर मराठीत दोन ओळी लिहाव्यात, या रिपोर्टमुळे या पेशंटचं औषध बदलतं की नाही, आणि बदलत असेल तर ते भारतात मिळतं का आणि महिन्याला किती पडतं.

वाचकांना एवढंच सांगेन, घरात कुणाला कॅन्सर निघाला तर केमोची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारा की या प्रकारात जीन टेस्टने औषध बदलतं का. ते नाही म्हणाले तर पॅनेलवर पैसे घालवू नका, हो म्हणाले तर रिपोर्ट येईपर्यंत थांबता येईल का तेही विचारा, पुष्कळदा येतं, काही वेळा त्रास एवढा असतो की थांबता येत नाही आणि मग डॉक्टरांचं ऐका. बायोप्सीचा ब्लॉक आणि स्लाइड कुठल्या लॅबमध्ये आहेत त्याचा नंबर लिहून ठेवा. ब्लॉक मागायला लाजू नका, सही करून देतात.

संपादकसाहेब, तुम्हाला एक विनंती. तुमच्या जिल्हा वार्ताहरांना प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात पाठवून विचारायला सांगा की फुप्फुसाच्या कॅन्सरची ईजीएफआर टेस्ट इथे होते का, किती दिवसांत होते, पेशंटकडून किती पैसे घेतात आणि गेल्या वर्षी किती जणांची केली. जी उत्तरं येतील ती जिल्हावार छापा, जिथून उत्तर येणार नाही तिथे तसं लिहा. मी सांगली-मिरजेची माहिती गोळा करायला मदत करायला तयार आहे.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, मिरज